शस्त्रक्रियागृहातील सुधारणांचा खरोखर उपयोग झाला, हे ठरवायचे कसे?

प्रश्न: ओटी_सिस्टर_खानापूर

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका लहान धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाची (ओटीची) मुख्य परिचारिका आहे. आमच्याकडे महिन्याला साधारण चाळीस शस्त्रक्रिया होतात. त्यांत सिझेरियन आणि हर्निया सर्वांत अधिक, त्याखालोखाल अपेंडिक्स, हायड्रोसील आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया असतात. सव्वा वर्षापूर्वी आम्ही तीन बदल एकदमच केले. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट (शस्त्रक्रियेच्या वेळी थांबून मोठ्याने वाचत तपासायच्या गोष्टींची यादी) प्रत्येक रुग्णासाठी वापरायला सुरुवात केली, चीर देण्याआधी एका तासाच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचा नियम केला, आणि वस्तऱ्याने केस काढणे बंद करून गरज असेल तेथेच क्लिपर (केस कापायचे यंत्र) वापरू लागलो.

आता व्यवस्थापक मंडळाने मला एका पानाचा अहवाल मागितला आहे. या बदलांमुळे काय फरक पडला ते आकड्यांत सांगा, असे त्यांचे म्हणणे आहे. मागणी रास्त आहे, कारण क्लिपर, छापील पत्रके आणि प्रशिक्षण यांवर रुग्णालयाने खर्च केलेला आहे. माझ्याजवळ दाखवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. चेकलिस्टची जवळजवळ सर्व पत्रके पूर्ण भरलेली आहेत, आणि जखम पिकल्याच्या नोंदी रजिस्टरमध्ये आधीच्या वर्षापेक्षा कमी दिसतात. एवढ्यावर "सुधारणा यशस्वी झाली" असे लिहून मी मोकळी होऊ शकते, पण त्या वाक्याखाली सही करायला माझे मन तयार होत नाही.

याचे पहिले कारण असे की मी पूर्वी ज्या रुग्णालयात नोकरी केली, तेथे अशीच पत्रके दिवसाच्या शेवटी एकत्र बसून भरली जात. प्रत्येक चौकटीत खूण असे, पण त्या वेळी कोणीही थांबून रुग्णाचे नाव आणि शस्त्रक्रियेची बाजू मोठ्याने उच्चारलेली नसे. दुसरे कारण म्हणजे आमचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातात. जांबोटी, कणकुंबीकडचे किंवा हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातले रुग्ण टाके काढायला पुन्हा आमच्याकडेच येतील याची खात्री नसते. त्यांची जखम आठव्या दिवशी पिकली, तर ती माझ्या रजिस्टरमध्ये कशी येणार? शिवाय आधीच्या वर्षी हे रजिस्टर दुसऱ्या सिस्टर ठेवत असत, आणि त्या काय पाहून "संसर्ग" लिहीत हे मला आता विचारता येत नाही.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे की, आमच्यासारख्या लहान ठिकाणी सुधारणेचा उपयोग झाला की नाही, हे प्रामाणिकपणे कसे ठरवावे?

उत्तर १: निवृत्त_सर्जन_टिळकवाडी

सिस्टर, आपल्या मनात आलेल्या शंका या व्यवसायातील सर्वांत जुन्या शंका आहेत आणि त्या प्रत्येक सर्जनच्या मनात यायला हव्या होत्या. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन हे सर्जन शंभर वर्षांपूर्वी हेच सांगत होते. शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक रुग्ण वर्षभर नजरेखाली ठेवावा, त्याचे अखेर काय झाले ते लिहावे, आणि वाईट झाले असेल तर का झाले ते उघड करावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच छापून जाहीर केल्या. सहकाऱ्यांना ते रुचले नाही आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांची "अखेरचा परिणाम पाहा" ही मागणी मात्र आजही अपुरीच राहिली आहे, आणि आपण नेमका त्याच ठिकाणी बोट ठेवले आहे.

आता चेकलिस्टविषयी. २००९ च्या जानेवारीत तिचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालये त्यात होती आणि आपली दिल्लीही त्यांत होती. चेकलिस्टच्या आधी ३,७३३ आणि नंतर ३,९५५ रुग्ण पाहिले गेले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. त्या वेळी मी नोकरीत होतो. ते आकडे वाचून मला झालेला आनंद आजही आठवतो, आणि आमच्या विभागात चेकलिस्ट लावण्यासाठी मी स्वतः भांडलो होतो.

पुढे २०१४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा अभ्यास आला. तेथे चेकलिस्ट सर्वत्र सक्तीची झाली होती. १०१ रुग्णालयांचे आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने पाहिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ३.८६ वरून ३.८२ टक्क्यांवर आलेले दिसले. हा फरक योगायोगापेक्षा वेगळा मानता येण्याइतका नव्हता. रुग्णालयांनी स्वतः कळवलेले चेकलिस्ट पालनाचे प्रमाण मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक होते.

या दोन अभ्यासांवरून चेकलिस्ट चांगली की वाईट, असा वाद पुष्कळ झाला. माझे मत असे आहे की आपण सांगितलेल्या दिवसाच्या शेवटी भरलेल्या पत्रकांतच त्याचे पुष्कळसे उत्तर आहे. कागद पोहोचला म्हणजे काम पोहोचले असे होत नाही. पहिल्या अभ्यासात सुद्धा सहा मूलभूत सुरक्षा कृती एकाच रुग्णाच्या बाबतीत सर्वच्या सर्व घडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांपर्यंतच गेले होते. प्रशिक्षण, देखरेख आणि उत्साह असूनही निम्म्यापेक्षा थोडे अधिक, एवढीच ती मजल होती. म्हणून पूर्ण भरलेल्या पत्रकांचा आकडा अहवालात पहिल्या ओळीत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. महिन्यातून दहा शस्त्रक्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्या शस्त्रक्रियेत काम नसलेल्या एखाद्या परिचारिकेने आधी न सांगता शांतपणे उभे राहून पाहावे. चीर देण्यापूर्वी सर्वांनी हात थांबवले का, रुग्णाचे नाव कोणी मोठ्याने उच्चारले का, मॉप (रक्त टिपायची कापडे) आणि सुया मोजल्या तेव्हा दोघींनी मिळून मोजल्या का, एवढेच तिने टिपावे. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. इंजेक्शन किती वाजता दिले आणि चीर किती वाजता दिली, या दोन्ही वेळा भूलतज्ज्ञांच्या कागदावर असतात. त्यांची वजाबाकी करण्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. तो नियम खरोखर पाळला गेला का, हे त्या वजाबाकीतून जितके कळेल तितके चौकटीतल्या खुणेतून कळणार नाही.

हर्नियात जाळी बसवत असाल तर एक लक्षात ठेवावे. साध्या जखमेवर तीस दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत आहे, पण जाळीच्या शस्त्रक्रियेत आतला संसर्ग नव्वद दिवसांपर्यंत पाहावा लागतो.

उत्तर २: आकडेमोड_निपाणी

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांपुरतेच लिहितो.

समजा आपल्याकडे आधी १०० शस्त्रक्रियांत ८ जखमा पिकत होत्या आणि नंतरच्या १०० मध्ये ४ पिकल्या. ऐकताना "संसर्ग निम्म्यावर आला" हे फार मोठे वाटते. पण काहीही न बदलता नुसता योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता इतकी आहे की त्यावर कोणताही निष्कर्ष टेकवता येत नाही. आठ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर झालेली खरी घट पुरेशा खात्रीने ओळखायची असेल, तर बदलाच्या आधीचे सुमारे ५५० आणि नंतरचे सुमारे ५५० रुग्ण लागतात. महिन्याला चाळीस शस्त्रक्रियांच्या हिशेबाने प्रत्येक बाजूला जवळजवळ चौदा महिने झाले. तेही पूर्वीची नोंद आणि आताची नोंद एकाच मापाने झाली असेल तर, आणि ताईंनी स्वतःच सांगितले आहे की ती तशी झालेली नाही.

म्हणून वर्षाची वर्षाशी तुलना करण्याऐवजी महिन्यामागून महिना आलेखावर ठिपके मांडावेत, मधला आकडा म्हणून आडवी रेघ ओढावी आणि बदल ज्या महिन्यात केला तेथे खूण करावी. सलग सहा किंवा अधिक ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरोखर हलले आहे असे समजावे. एखादा महिना खाली गेला म्हणून पेढे वाटू नयेत आणि एखादा वर गेला म्हणून कोणाला धारेवर धरू नये. व्हिएन्नातील प्रसूती रुग्णालयाचे डॉक्टर सेमेलवाइस यांचे काम आजही पटते, त्याचे कारण केवळ हात धुण्याची कल्पना हे नाही. त्यांच्याजवळ महिनावार मृत्यूंचे तक्ते होते आणि शेजारी दुसरा प्रसूती कक्षही होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कक्षात एप्रिल १८४७ मध्ये १८ टक्क्यांहून अधिक माता दगावल्या होत्या. मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सुरू झाल्यावर जूनमध्ये ते प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. सुईणींच्या कक्षात ते आधीपासूनच बरेच कमी होते. एवढा प्रचंड फरक थोड्या आकड्यांतही दिसतो. आपल्या वाट्याला येणारे फरक त्यामानाने लहान असतात आणि ते पाहायला धीर लागतो.

महिन्याला एखाददुसरीच जखम पिकत असेल तर मासिक टक्केवारीचा आलेख उड्या मारत राहतो. अशा वेळी एक पिकलेली जखम आणि तिच्यानंतरची दुसरी, या दोहोंमध्ये किती शस्त्रक्रिया निर्विघ्न झाल्या ते मोजावे. पंधरा, अठरा, बारा, वीस अशी रांग पुढे तीस, चाळीस, पस्तीस होऊ लागली तर घट खरी असण्याची शक्यता वाढते. लहान रुग्णालयासाठी मला ही पद्धत सर्वांत उपयोगी वाटते.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, त्यात ओले कपडे, चिखल आणि रोप लावणीची घाई असते. शस्त्रक्रिया झालेला माणूस दहाव्या दिवशी शेतात उभा असतो. त्या महिन्यांची तुलना जानेवारी-फेब्रुवारीशी केली तर चेकलिस्टचे नव्हे, पावसाचे मोजमाप होईल. जूनची तुलना जूनशीच करावी.

कोणते रुग्ण येतात हेही बदलत असते. सीमाभागात योजनेचे कार्ड कोठे चालते यावर माणसे दवाखाना ठरवतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर दोन राज्यांत वादही झाला. अशा निर्णयांनंतर एखाद्या रुग्णालयात कठीण रुग्ण वाढू शकतात किंवा कमी होऊ शकतात. आपल्याकडून बेळगावला पाठवलेल्या अवघड रुग्णांची संख्या याच काळात वाढली असेल, तर संसर्ग कमी दिसण्याचे कारण तेही असू शकेल. म्हणून वय, मधुमेह, तातडीची शस्त्रक्रिया होती की ठरवून केलेली, आणि किती रुग्ण पुढे पाठवले, एवढे चार रकाने रजिस्टरमध्ये असायलाच हवेत.

शेजाऱ्याशी तुलना का लागते, याचेही एक उदाहरण देतो. अमेरिकेत सर्जनांच्या संघटनेचा एक मोठा गुणवत्ता कार्यक्रम आहे. त्यात भाग घेणाऱ्या रुग्णालयांचे निकाल वर्षानुवर्षे सुधारत गेले. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी त्यांची तुलना भाग न घेतलेल्या रुग्णालयांशी केली, तेव्हा तेथेही तशीच सुधारणा होत असल्याचे आढळले. काळाबरोबर सगळेच थोडे सुधारत असते. त्याचे श्रेय आपल्या कार्यक्रमाला देण्याचा मोह टाळावा लागतो.

उत्तर ३: चंदगडचा_डॉक्टर

मी चंदगड तालुक्यात गेली अनेक वर्षे साधी प्रॅक्टिस करतो. वर विचारलेल्या "आठव्या दिवशी पिकलेली जखम कोठे जाते" या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याकडे येते.

बेळगावात किंवा खानापुरात सिझेरियन झालेली बाई माहेरी येते, कारण बाळंतपण माहेरी असते. नवव्या-दहाव्या दिवशी टाक्यातून पाणी येऊ लागते. परत त्या दवाखान्यात जायचे म्हणजे गाडी, सोबतीला माणूस आणि दिवसाचा रोजगार बुडणार. मी एखादा टाका सैल करतो, पू काढतो, आठवडाभर ड्रेसिंग करतो, आणि ती बरी होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला यातले काहीही कळत नाही, आणि मीही आजवर कधी कोणाला कळवलेले नाही. हा प्रश्न वाचेपर्यंत त्यात माझी काही जबाबदारी आहे असे माझ्या मनात आले नव्हते, हे मला खेदाने सांगावे लागते.

हे फक्त आमच्या तालुक्याचे नाही. अथणी-कागवाडकडचे रुग्ण मिरजेला जातात, निपाणीचे कोल्हापूरला, खानापूरच्या कडेचे काही गोव्यालाही जातात. शस्त्रक्रिया एका राज्यात आणि ड्रेसिंग दुसऱ्या राज्यात, हा आमच्याकडचा नित्याचा प्रकार आहे. कोणत्याही सरकारी नोंदीत ही दोन टोके जुळत नाहीत.

यावर मला सुचणारा उपाय साधा आहे. डिस्चार्जच्या कागदासोबत एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी द्या, मराठी आणि कन्नड दोन्हींत. "या रुग्णाच्या जखमेवर आपण उपचार केल्यास कृपया या क्रमांकावर कळवा", एवढेच तिच्यावर लिहा. निरोपाचा सूर तक्रारीचा नसावा. माझ्यासारखे बहुतेक डॉक्टर कळवतील असे मला वाटते. आणि रुग्णाला फोन करणार असाल तर संध्याकाळी सातनंतर करा, कारण दिवसा फोन घरातल्या पुरुषाबरोबर शेतात किंवा कामावर असतो. "संसर्ग झाला का" असे विचारू नका, त्याला सगळे "नाही" म्हणतात. "जखमेतून पाणी किंवा पू आला का, कापड चिकटले का, लाली पसरली का, टाका कोणी उघडला का, दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवले का," असे एकेक विचारा. रुग्णाची भाषा कन्नड असेल तर कन्नड बोलणाऱ्या सिस्टरनेच फोन करावा. अर्धवट समजलेल्या भाषेत माणूस दुखणे सांगत नाही, सगळे बरे आहे म्हणून फोन ठेवतो.

प्रतिसाद: ओटी_सिस्टर_खानापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चंदगडच्या डॉक्टरसाहेबांचे उत्तर मी आमच्या वॉर्डातील सर्व मुलींना वाचून दाखवले.

पण त्यातून एक नवी अडचण समोर आली आहे. आम्ही तीस दिवस फोन करू लागलो तर आजवर न दिसलेल्या जखमा दिसू लागतील आणि आकडा वाढेल. मंडळ म्हणेल की एवढा खर्च करून संसर्ग वाढला. त्याहून मोठी भीती अशी की ज्या सिस्टरने नोंद केली तिच्याकडेच बोट जाईल. नोंद करणाऱ्या मुलीला एकदा बोलणे बसले की पुढच्या महिन्यापासून रजिस्टर आपोआप स्वच्छ होते, हे मी पाहिलेले आहे. शिवाय आम्ही तीन गोष्टी एकदम केल्या. त्यांतल्या कशाचा उपयोग झाला हे आता वेगळे काढता येईल का?

उत्तर ४: आकडेमोड_निपाणी

ताई, आकडा वाढेल हे आपण आधीच ओळखले, हे फार चांगले झाले. तो वाढणारच आहे, आणि हे मंडळाला फोन सुरू करण्यापूर्वी लेखी सांगून ठेवा. नंतर सांगितले तर ती सबब वाटेल. रजिस्टरमध्ये दोन रकाने ठेवा. एकात डिस्चार्जपूर्वी दिसलेला संसर्ग लिहा, दुसऱ्यात तीस दिवसांत कोठूनही कळलेला. जुन्या वर्षाशी तुलना फक्त पहिल्या रकान्याची करा, आणि तिच्याशेजारी रुग्ण सरासरी किती दिवस दाखल होते तेही लिहा. पूर्वी पाच दिवस ठेवत होतो आणि आता तीनच दिवस ठेवतो, एवढ्यानेही पहिला रकाना आपोआप रिकामा होतो. दुसऱ्या रकान्याची सुरुवात आजपासून होते. त्याला भूतकाळ नाही, आणि तो जुळवण्याचा प्रयत्नही करू नये. किती रुग्णांना फोन लागला हेही प्रत्येक महिन्याला लिहा, कारण चाळीसपैकी पंधराच लागले असतील तर उरलेल्या पंचवीस जणांच्या जखमा बऱ्या झाल्या असे गृहीत धरता येत नाही.

तीन बदलांचा परिणाम आता वेगळा काढता येणार नाही. पण याचे मला फारसे वाईट वाटत नाही, आणि हे मी संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून विचारपूर्वक लिहितो. प्रतिजैविक वेळेवर दिल्याने जखमा कमी पिकतात, हे सिद्ध करण्याचे ओझे खानापूरच्या रुग्णालयाने उचलण्याची गरज नाही. तसले प्रश्न हजारो रुग्ण घेऊनच सुटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालये आणि १३,३०१ रुग्ण होते. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि हत्यारे बदलल्याने जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर येतो, एवढे ठरवायला त्यांना इतके रुग्ण लागले. त्याच्या आदल्या वर्षी, अशाच सात देशांत ५,७८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक लावलेले महाग टाके साध्या टाक्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. औषध कंपनीचा प्रतिनिधी ते टाके घेऊन येईल तेव्हा ही गोष्ट आठवणीत असू द्या. बाहेर सिद्ध झालेली गोष्ट आपल्याकडे खरोखर, रोज, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घडते का, हे पाहणे आपले काम आहे. ते चाळीस रुग्णांतही पाहता येते.

अर्थात कृती सुधारली म्हणजे परिणाम सुधारलाच, असेही गृहीत धरू नये. शस्त्रक्रियेला जवळचे उदाहरण बाळंतपणाचे आहे. कर्नाटकातच तालुका पातळीवरील एका प्रसूती केंद्रात सुरक्षित प्रसूती चेकलिस्टचा प्राथमिक प्रयोग झाला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २९ आवश्यक कृतींपैकी पूर्वी सरासरी १० होत, त्या नंतर २५ होऊ लागल्या. मग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर, दीड लाखांहून अधिक माता-बालकांवर मोठी चाचणी झाली. तेथेही कृती सुधारल्या, पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा माता-बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत दोन गटांत फरक आढळला नाही. म्हणून दोन्ही मोजावे लागते, कृतीही आणि परिणामही.

पुढचा बदल आणाल तेव्हा मात्र तो सर्वत्र एकदम लागू करू नका. पहिले तीन महिने फक्त सिझेरियनसाठी करा, मग हर्नियासाठी, मग उरलेल्यांसाठी, आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. ज्या विभागात बदल अजून पोहोचलेला नाही तो त्या काळापुरता तुलनेला मिळतो. नॉर्वेतील दोन रुग्णालयांत चेकलिस्ट अशीच पायरीपायरीने लावली गेली आणि गुंतागुंत १९.९ वरून ११.५ टक्क्यांवर आल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरांनी सांगितलेल्या ओंटारिओच्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून पाहावा.

उत्तर ५: भूलतज्ज्ञ_चिकोडी

वरची चर्चा मोलाची आहे, पण माझी एक हरकत नोंदवावीशी वाटते. सर्वांनी चेकलिस्टचे मोल पिकलेल्या जखमांवरून ठरवले. मी रोज रुग्णाच्या डोक्याशी उभा असतो. चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया, पोटात राहिलेला मॉप, माहीत असूनही कोणी न सांगितलेली औषधाची ॲलर्जी, रक्त तयार नसताना सुरू केलेली शस्त्रक्रिया, यांसाठी ती यादी आहे. या घटना इतक्या विरळ असतात की लहान रुग्णालयात त्या दहा वर्षांतही मोजता येणार नाहीत. ३०० शस्त्रक्रियांत एकही अशी घटना घडली नाही, तरी खरे प्रमाण शंभरात एकपर्यंत असू शकते, असे संख्याशास्त्रच सांगते. तेव्हा "आमच्याकडे शून्य" हे वाक्य अहवालात सुरक्षिततेचा पुरावा म्हणून येऊ नये.

त्याऐवजी जे घडता घडता राहिले ते लिहावे. चेकलिस्ट वाचताना ॲलर्जी लक्षात आली, मॉप एक कमी भरला आणि पुन्हा मोजल्यावर सापडला, हर्निया डावा असताना कागदावर उजवा लिहिलेला होता, अशा प्रत्येक प्रसंगाची दोन ओळींची नोंद व्हावी. नोंद करणाऱ्याचे नाव तीत नसावे. या नोंदी कोऱ्या राहू लागल्या तर सर्व उत्तम चालले आहे असे न समजता कोणी बोलत नाही असे समजावे. सिस्टरांनी बोलणे बसण्याची जी भीती सांगितली आहे, तिचे मोजमाप मला याच वहीत दिसते.

चेकलिस्टमुळे दिवसाच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांना उशीर होतो का, हेही मोजावे. सर्जन मंडळींची ती नेहमीची तक्रार आहे आणि तिला आकड्यानेच उत्तर द्यावे.

प्रतिसाद: ओटी_सिस्टर_खानापूर

अहवालाचा मसुदा काल पूर्ण केला. "यशस्वी" हा शब्द मी काढून टाकला आहे. पहिल्या परिच्छेदात एवढेच लिहिले आहे की डिस्चार्जपूर्वी दिसणारा संसर्ग नोंदींत कमी झाला आहे, पण दोन वर्षांच्या नोंदी एकाच पद्धतीने झालेल्या नसल्यामुळे आणि घरी गेलेल्या रुग्णांची माहिती नसल्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या परिच्छेदात गेल्या सहा महिन्यांतील भूलीच्या कागदांवरून काढलेली इंजेक्शन आणि चीर यांच्या वेळांची वजाबाकी दिली आहे. ती करताना रात्रीच्या तातडीच्या सिझेरियनमध्ये इंजेक्शन पुष्कळदा चीर दिल्यानंतर गेलेले आढळले. त्या वेळी ओटीत एकच सिस्टर असते. दिवसाच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांत नियम बऱ्यापैकी पाळला जातो. भरलेल्या पत्रकांत हा फरक कोठेही दिसत नव्हता, कारण दोन्ही ठिकाणी खूण होती.

त्यामुळे मी मंडळाकडे नवे काही विकत मागितलेले नाही. रात्रपाळीला दुसरी सिस्टर आणि तीस दिवसांच्या फोनसाठी एक वेगळे सिम कार्ड, एवढेच मागितले आहे. फोन सुरू झाल्यावर आकडा वाढेल, हे वाक्य मी अधोरेखित केले असून त्याखाली अध्यक्षांची सही घेणार आहे. चिठ्ठीचा मराठी मजकूर तयार झाला आहे, कन्नड मजकूर आमच्या बैलहोंगलच्या सिस्टर लिहीत आहेत. चंदगडच्या डॉक्टरसाहेबांनी त्यावर एकदा नजर टाकावी अशी विनंती आहे. पहिले फोन येत्या महिन्याच्या सिझेरियनपासून करणार आहोत, संध्याकाळी सातनंतर.